तिसरा गिअर

मे महिन्याची दहा तारीख आली तोवर मैनाला पक्कं कळलं होतं की आवाज इंजिनाच्या पोटातून येतो, आणि तो फक्त तिसऱ्या गिअरला येतो. पहिला साफ, दुसरा साफ, चौथाही साफ. तिसरा टाकला की जात्यात खडा अडकावा तशी घरघर सुरू व्हायची, आणि चढावर ती घरघर पायाच्या तळव्यातून गुडघ्यापर्यंत चढायची.

गाडी तशी तिच्या नवऱ्याची, केरूची. सतरा-अठरा वर्षांची, शंभर सीसीची मोटरसायकल, टाकीवरचं नाव कधीच उडालेलं. केरू बोटीवर इंजिन ड्रायव्हर होता. चार वर्षांपूर्वी जाळं ओढताना विंचच्या दोरात त्याचा उजवा हात सापडला. तीन बोटं गेली, मनगट वाकडं राहिलं. तेव्हापासून तो मालगुंडजवळच्या त्यांच्या घराच्या पडवीत बसायचा आणि मैना पाटी घेऊन एसटीनं आतल्या गावांत मासे विकायला जायची. एका सकाळी पाटीतलं पाणी गळतं म्हणून कंडक्टरनं तिला मधेच उतरवलं. डोक्यावर वीस-बावीस किलो मासे घेऊन ती चार किलोमीटर चालली, आणि घरी आल्यावर पाटी आपटून म्हणाली, "गाडीची चावी काढा. माका शिकवा."

सड्यावरच्या उघड्या कातळावर ती गाडी शिकली. वय चव्वेचाळीस. आठ वेळा पडली. नवव्या दिवशी मागे दोन क्रेट बांधून ती चाफे गावापर्यंत जाऊन आली. लुगड्याचा काष्टा, वर केरूचा जुना शर्ट, पायात प्लास्टिकचे बूट. आता आतल्या अकरा वाड्यांतल्या बायका तिची वाट बघायच्या.

आणि मे महिना म्हणजे विक्रीचा खरा हंगाम. घरोघरी मुंबईची माणसं आलेली, पोरांना रोज बांगडे, कोळंबी हवी. एक जूनला मासेमारी बंद झाली की पुढे दोन महिने क्रेट उलटे घालून ठेवायचे. म्हणजे जे काय कमवायचं ते ह्या तीन आठवड्यांत.

"आवाज येताव म्हनजे तू क्लच अर्धाच दाबतंस," केरू पडवीतून म्हणाला.

"क्लच मी पुरा दाबतंय. तीन वर्सं दाबतंय."

"मंग चेन सैल असंल."

"चेनचा आवाज माका कळत नाय काय? वाईच बसून बगा मागं."

केरू मागे बसला नाही. बायकोच्या मागे बसून तो वाडीतून कधीच गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मासे विकून झाल्यावर ती नाक्यावरच्या गॅरेजात गेली. गॅरेज निलेशचं. पस्तिशीचा माणूस, हात स्वच्छ, गळ्यात चेन, समोर दहा-बारा गाड्या उभ्या. मैनानं गाडी स्टँडला लावली.

"तिसऱ्या गिअरला आवाज हाय. आतून."

निलेशनं गाडीकडे बघितलं, मग तिच्या पाठीमागे रस्त्याकडे बघितलं. "कोण चालवतं गाडी?"

"मीच."

"नाही, म्हणजे रोजचं कोण? दादा कुठे आहेत?"

"रोजची मीच चालवतंय. आत्ता कोनी चालवत आनली असं वाटताव तुला?"

बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांतला एक हसला. निलेशही हसला, पण तोंडावर हात ठेवून. "तसं नाही मावशी. लेडीज चालवतात तेव्हा काय होतं, गिअर टाकताना पाय हलका पडतो. गिअर अर्धवट बसतो. तुम्ही दादांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो मी."

"त्यांचा हात गेलेला हाय. गाडी माजी हाय, आवाज मी आयकलाय. तू एक चक्कर मार नि बग."

त्यानं चक्कर मारली. नाक्याच्या टोकापर्यंत जाऊन परत. उतरला तेव्हा त्याचा चेहरा डॉक्टरसारखा झाला होता.

"गिअर सेट गेलाय. इंजिन पूर्ण खोलावं लागेल. तीन दिवस."

मैनाला त्या क्षणी राग आला नाही, बरंच वाटलं. आवाज आहे एवढं तरी ह्यानं कबूल केलं. तिनं क्रेट सोडून घेतले आणि जाताना म्हणाली, "काढलेले गिअर माका परत दे. घरी दाखवायचेत."

तीन दिवस ती घरी बसली. बांगड्याच्या होड्या भरून येत होत्या आणि तिच्या वाट्याच्या वाड्यांत दुसराच कुणी टेम्पो घेऊन भोंगा वाजवत फिरत होता. चाफ्याच्या पुढच्या वाडीतल्या सावित्रीकाकीचा फोन आला, "काय गो मैना, आजारी हायस काय? चेडवं-पोरं आलीत मुंबईची, रोज इचारतात."

चौथ्या दिवशी गाडी मिळाली. धुऊन पुसून, डिझेल मारून चकचकीत केलेली. निलेशनं वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गंजका गिअर तिच्या हातात ठेवला. त्याचे दोन दात झिजलेले.

"हा बघा. हा आवाज करत होता. आता नवा सेट बसवलाय. फक्त दादांना सांगा, तुम्हाला थोडं शिकवायला. नाहीतर हाही जाईल."

त्यानं मागितले तेवढे पैसे तिनं दिले. गाडी घेऊन निघाली. तिसरा टाकला. आवाज नव्हता. पण गाडी जड वाटत होती, गिअर चिखलातून पाय काढावा तसा पडत होता. घरी आल्यावर केरूनं तो गंजका गिअर डाव्या हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाला, "बगलंस? आता नीट चालव."

गिअर त्यानं पडवीच्या फळीवर ठेवून दिला.

गाडी मिळाल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला, चाफ्याच्या पुढच्या उतारावर, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी एकदम खिळली. आत काहीतरी तडकलं, मागचं चाक जागच्या जागी बांधल्यासारखं थांबलं, आणि गाडी तशीच घसरत गेली. मैना डाव्या अंगावर पडली. तांबड्या खडीवरून तिचं कोपर आणि गुडघा सोलत गेलं. क्रेट सुटले. बर्फ, बांगडे, कोळंबी सगळी रस्त्यावर, धुळीत.

उतारावरून एक पांढरी कार आली आणि थांबली. काच खाली झाली. आत घामाला न ओळखणारी थंड हवा होती आणि चष्मा लावलेला एक माणूस.

"लागलं का मावशी?"

"नाय. गाडी सरळ करायला वाईच हात लावा."

तो उतरला नाही. मागच्या सीटवरच्या बाईनं फोन वर धरला होता. माणूस म्हणाला, "झेपत नाही तर कशाला चालवता गाडी? घरात कोणी पुरुष नाही का?" आणि बांगडे चाकाखाली येऊ नयेत म्हणून कार जपून, कडेकडेने काढून घेऊन गेला.

मैना खाली बसून मासे उचलायला लागली. तिच्या कोपरातून रक्त गळत होतं आणि ती रडत नव्हती. तोंडातल्या तोंडात शिव्या देत होती. कारवाल्याला, निलेशला, तीन दिवस घरी बसलेल्या स्वतःला. वरच्या घरातून सावित्रीकाकी खाली आली. सत्तरीची बाई, पदर खोचलेला, हातात कळशी. तिनं काही विचारलं नाही. मैनाचा गुडघा धुतला, हळद दाबली, मग दोघींनी मिळून मासे कळशीच्या पाण्यात खळबळून क्रेटमध्ये भरले.

"ह्यातले अर्धे माज्या अंगनात वाटून टाकतंय," सावित्रीकाकी म्हणाली. "मुंबईवाल्यांना काय कळताव. तू बस."

मैनानं केरूला फोन लावला. सगळं ऐकून केरूचा पहिला प्रश्न आला, "गाडी कशी हाय?"

मैना गुडघ्यावरची हळद दाबत राहिली.

"आयकतंस ना? क्लच सोडलास काय एकदम?"

तिनं फोन बंद केला आणि लुगड्याच्या ओच्यात टाकला. त्यानंतर केरूनं पाच वेळा फोन केला. तिनं एकदाही उचलला नाही.

गाडी टेम्पोत घालून घरी आली. घरापुढच्या खळ्यात उतरवली तेव्हा केरू पडवीतून खाली आला. मैनाच्या कोपरावरची पट्टी त्यानं बघितली, गुडघा बघितला, आणि गाडीशी उकिडवा बसला. मागचं चाक हलत नव्हतं. डाव्या हातानं त्यानं गिअर न्यूट्रलला आणला, मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या केसवर, बाहेरच्या कवचावर, टेकवलं आणि मूठ कानाच्या हाडाला लावली. बोटीवर तो इंजिनाचं दुखणं असंच ऐकायचा.

"चाक फिरव हातानं," तो म्हणाला. "हळूहळू."

मैनानं चाक फिरवलं. केरूनं डोळे मिटले होते. बऱ्याच वेळानं त्यानं ते उघडले.

"दात तुटलेत. आत तुकडे फिरतायत."

"नवा सेट हाय ना पन? तुमी तर फळीवर ठेवलाव जुना."

केरूनं एक डबडी इंजिनाखाली ओढली आणि मैनाला तेल काढायचा बोल्ट सोडायला सांगितलं. तेल येईना. मग आलं, काकवीसारखं, एक जाड दोरी होऊन, आणि दोरीबरोबर चमकणारा लोखंडाचा चुरा. केरूनं दोन बोटांच्या मध्ये ते तेल घासलं, वास घेतला.

"हे गाडीचं तेल न्हवं. आवाज दबावा म्हनून जाड काय तरी ओतलंय त्यानं." तो उठला. त्याचा आवाज चढला. "आवाज दाबला गो त्यानं! गिअर नाय बदलला, आवाज दाबला!"

"मी काय सांगत होतंय दहा तारखेपासून?"

"मला काय म्हायत..."

"तुमाला म्हायत न्हवतं. पन त्याचं आयकलात. माजं नाय आयकलात. फोनवर पन पयलं गाडीचं इचारलंत."

वाकडा हात केरूनं शर्टाखाली सारला, कुणासमोर अवघडलं की तो असंच करायचा.

संध्याकाळी तोच बोलला. "आपन खोलूया."

"कोन खोलनार?"

"मी सांगन. तू कर."

चार वर्षांत त्यानं पान्याला हात लावला नव्हता. बोटीवरची लोखंडी पेटी माळ्यावर पडली होती. मैनानं ती खाली काढली. आतले पाने तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले, तसेच होते.

सकाळी उजाडताच त्यांनी खळ्यात गोणपाट अंथरलं. सायलेन्सर, कार्बोरेटर, चेन, वायरी. केरू सांगायचा, मैना सोडायची, आणि प्रत्येक गोष्ट ती जिथून निघाली त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायची. इंजिन काढायची वेळ आली तेव्हा दोघांनी मिळून ते धरलं. तीन हात. मैनाचा गुडघा पुन्हा फुटला. इंजिन गोणपाटावर टेकलं तेव्हा दोघंही धापा टाकत होते.

"आता दोन्ही बाजूची झाकनं," केरू म्हणाला.

डाव्या बाजूचं मॅग्नेटचं झाकण निघालं आणि मागचे केसचे बोल्ट दिसायला लागले. केरू वाकला. मग अजून वाकला. नाक टेकेल इतका.

"मैने. हे बग."

खाऱ्या हवेनं बोल्ट गंजून केसमध्ये रुतले होते. डोक्यांच्या कडा गोल, तांबड्या, अखंड. त्यांना गेल्या कित्येक वर्षांत पाना लागलेला नव्हता. पाना लागला असता तर कडा चमकल्या असत्या, तांबूस पूड पडली असती. काहीच नव्हतं. आत माती घट्ट बसून तिचं खापर झालं होतं.

"ह्यानं इंजिन उघडलंच नाय," मैना म्हणाली.

"बोट पन लावलं नाय."

"मंग तो गिअर कुठला?"

केरूनं फळीवरचा गंजका गिअर आणायला सांगितला. दुपारपर्यंत बोल्ट तेलात भिजवून, ठोकून, एकेक सुटला. केस लाकडाच्या हातोडीनं हळूहळू उघडली. आत दोन शाफ्टवर गिअर ओळीनं बसलेले. तिसऱ्याचे तीन दात तुटून गेलेले, बाकीचे झिजून सुरीसारखे झालेले. मैनानं निलेशनं दिलेला गिअर शेजारी धरला. तो बोटभर मोठा होता. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा. त्या शाफ्टवर तो चढलाच नसता.

तिनं दोन्ही गिअर दोन हातांत धरले. पैशांचा राग एक होता. पण तीन दिवस घरी बसवून, वर हा लोखंडाचा तुकडा हातात ठेवून आपल्यालाच "दादांकडून शिका" म्हणून सुनावलं, आपण मान डोलावून तो वर्तमानपत्रात घरी आणला, ह्याचा राग वेगळा होता.

"आत्ता जातंय मी," ती उठली.

"बस," केरू म्हणाला. "आधी गाडी उभी करू. चालत गेलीस तर हसंल तो."

दुसऱ्या दिवशी ती झिजलेला सेट पिशवीत घालून एसटीनं रत्नागिरीला गेली. स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या म्हाताऱ्यानं शाफ्ट फिरवून बघितले.

"कोणत्या मेकॅनिकनं पाठवलं?"

"मीच मेकॅनिक. गिअर, बेअरिंग, सगळी पॅकिंगं, ऑइल सील. नि मॅग्नेट ओढून काढायच्या पुलरची मूठ सरकताव, ती नवी द्या."

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून बघितलं. हसला नाही. एकेक डबी काढून तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "शाफ्टमागचा पातळ वॉशर विसरू नका. सगळे विसरतात."

ती विसरली नाही. केरू विसरला. संध्याकाळी सगळे गिअर बसवून, केस लावून, बोल्ट आवळून झाल्यावर त्यानं शाफ्ट फिरवायला सांगितला, तर दुसरा गिअर पडेना. मैनाला वर्तमानपत्रावर वॉशर दिसला. नाण्याएवढा, कागदासारखा पातळ.

"मी इचारलं होतं. वॉशर घातलाव काय, असं इचारलं होतं."

"तू हात चालव, मला डोकं चालवू दे!" केरू ओरडला. "हात असता ना माजा, तर कंदीच झालं असतं!"

मैनानं पाना गोणपाटावर फेकला. "हात नाय तर नाय! माजे हायत ना दोन? ते तुमाला दिसतच नायत. दोन दिवस झाले, मी करतंय तां कामच वाटत नाय तुमाला. त्या निलेशला पन वाटलं नाय."

केरूचं तोंड उतरलं. त्या एका नावाबरोबर आपल्याला बांधलेलं त्याला सोसलं नाही. तो उठून खळ्याच्या कडेला माडाखाली जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा त्यानं वाकडा हात शर्टाबाहेर काढला होता. उरलेल्या दोन बोटांनी त्यानं केसची एक बाजू दाबून धरली.

"सोड बोल्ट. मी धरतंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गाडीत बसलं. नवं तेल, पातळ, मधासारखं. किक मारली. चौथ्या किकेला गाडी सुरू झाली. मैना सड्यापर्यंत गेली, चढ तिसऱ्यात चढली, परत आली. खळ्यात गाडी बंद करून ती उतरली आणि फक्त मान हलवली. केरूनं तोंडावर पाणी मारलं, शर्ट बदलला, आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. वाडीतल्या दोन बायका विहिरीवरून बघत होत्या. त्यानं त्यांच्याकडे बघितलं नाही, पण मान खालीही घातली नाही.

गॅरेजात दहाच्या सुमारास गर्दी होती. निलेशनं केरूला बघितलं आणि लगेच स्टूल पुढे केलं.

"या दादा. चहा सांगू? गाडी कशी चाललीय?"

केरू बसला नाही. मैनानं पिशवीतून दोन्ही गिअर काढले आणि त्याच्या काउंटरवर आपटून ठेवले.

"हा तू दिलास. हा माज्या इंजिनात होता. इंजिन तू खोललं नायस. केसच्या एका बोल्टला पाना लावला नायस. जाड तेल ओतून आवाज दाबलास, नि उतारावर माजी गाडी खिळली."

हातातलं काम थांबवून सगळे बघायला लागले. निलेशचा चेहरा लाल झाला, पण तो केरूकडेच बघत होता. "दादा, समजवा जरा. इंजिन कुणी उघडलं? घरी उघडलं? मग आता काय काय तुटलं त्याला मी जबाबदार? ह्यांना काय कळतंय इंजिनातलं?"

"तिनं खोललंय," केरू म्हणाला. "तिला इचार काय इचारायचं ते."

"विचारायचं काय? पुरावा काय आहे?"

मैनानं त्याच्यासमोर शर्टाची बाही वर केली. खपली धरलेलं कोपर दिसलं. "रस्त्यावर माजे मासे पडले, लोकांनी फोटो काढले. मागून ट्रक आला असता तर? माका घरी बसवलंस, आवाज माज्या पायात हाय म्हनालास. तोंडानं सांग आता. इंजिन खोललं न्हवतं असं सांग."

निलेशनं गल्ला उघडला. नोटा काढल्या आणि केरूपुढे धरल्या. केरूनं हात मागे घेतला. नोटा काउंटरवर पडल्या. मैनानं त्या उचलल्या आणि कनवटीला लावल्या. त्या तिच्याच होत्या.

"ह्ये झालं. आता सांग."

"मिळाले ना पैसे? निघा आता. धंद्याची वेळ आहे."

"तोंडानं सांग."

निलेशनं दोन्ही गिअर उचलून जुन्या तेलाच्या पिंपात टाकले. ते तळाला जाऊन आपटले. मैना पुढे झाली, काळ्या तेलाच्या पिंपात खांद्यापर्यंत हात घातला आणि चाचपडत दोन्ही गिअर वर काढले. तेल तिच्या बाहीवरून, खपलीवरून लुगड्यावर ओघळत होतं. बाकड्यावरचे एक गुरुजी उभे राहिले. त्यांची स्कूटर आत खोलून ठेवलेली होती. ते स्कूटरकडे बघत राहिले, मग निलेशकडे. "मागच्या महिन्यात माझा पिस्टन बदललास म्हणालास," ते हळूच म्हणाले. "तो बदललास का रे?"

निलेशनं गल्ला बंद केला.

"ऱ्हाव दे," मैना म्हणाली. "तू नको सांगू. मी सांगतंय."

दुसऱ्या दिवसापासून मैना अकरा वाड्यांत फिरली. प्रत्येक खळ्यात क्रेट उतरवण्याआधी ती दोन्ही गिअर ओटीवर ठेवायची आणि सगळं सांगायची. कमी नाही, जास्त नाही. बोल्ट कसे गंजलेले होते, तेल कसं होतं, वॉशर केरू कसा विसरला, तेसुद्धा. पुरुष पुढे येऊन दोन्ही गिअर एकमेकांवर ठेवून बघायचे. बायका तिचं कोपर बघायच्या. मासे संपायला रोज दोन तास जास्त लागायचे आणि शेवटचे बांगडे मऊ पडायचे. ते ती घरी आणायची.

बंदीला चार दिवस उरले होते, त्या सकाळी खळ्यात एक नवी मोटरसायकल थांबली. निलेश. हेल्मेट हातात, डोळे तांबारलेले. मैना क्रेटमध्ये बर्फ भरत होती. केरू माडाखाली कुणाच्या तरी पंपाचं इंजिन डाव्या हातानं खोलत बसला होता. त्यानं वर बघितलं, पण उठला नाही.

"मावशी, बदनामी बंद करा," निलेश म्हणाला. "चार दिवसांत सहा गाड्या परत नेल्या लोकांनी. माझी पण मुलं आहेत. सांगा काय पाहिजे? अजून पैसे पाहिजेत?"

मैनानं बर्फाचा तुकडा फोडला.

"मी लोकांना काय सांगतंय, तां आयकलंस काय तू?"

"ऐकलं."

"त्यात खोटं काय हाय? एक तरी सांग. आत्ता फिरून अकरा वाड्यांत जातंय नि सांगतंय, मी खोटं बोलले म्हनून."

निलेशनं केरूकडे बघितलं. केरू पान्यानं बोल्ट फिरवत होता. निलेशनं मैनाकडे बघितलं. खळ्यात कावळे ओरडत होते.

"खोटं नाही," तो म्हणाला. "पण..."

"पन नाय. इंजिन खोललं होतंस?"

"नव्हतं खोललं."

मैना उभी राहिली. हात लुगड्याला पुसले. इतक्या दिवसांचा राग एकदम उतरेल असं तिला वाटलं होतं. उतरला नाही, पण हलला.

"ह्येच नाक्यावर बोलला असतास," ती म्हणाली, "तर माजे रोजचे दोन तास वाचले असते, नि बांगडे मऊ पडले नसते."

तिनं बर्फावर गोणपाट टाकलं, क्रेटची दोरी आवळली. निलेशची गाडी वाटेत उभी होती. तिनं किक मारली आणि तो बाजूला होईपर्यंत इंजिन चालू ठेवून वाट बघत बसली.